आकड्यांचा कंटाळा असेल तर सोलापूरच्या आसपास उघड्यावरचं कोणतं काम धरावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २१, बारावी कला शाखेतून, भूगोल आवडीचा. दहावीला गणित एकदा राहिलं, फेरपरीक्षेत सुटलं. नवी पेठेत एका कापड दुकानात गल्ल्यावर काही महिने काढले. रात्री रोकड जुळायची नाही, फरक पगारातून कापला जायचा, शेवटी सोडलं. बंद जागेत जीव रमत नाही, उन्हात राबायची तयारी आहे, सोलापूर जिल्हा सोडायचा नाही. आकडेमोड कमीत कमी असेल असं बाहेरचं काम कोणतं? आणि वडील म्हणतात असलं काम म्हणजे शेवटी मजुरीच, ते खरं का?

मी सोलापूर-बार्शी रस्त्यालगत रोपवाटिका चालवतो. डाळिंबाची गुटी (झाडावरच फांदीला मुळ्या फोडून केलेलं रोप), सीताफळ-बोरीची कलमं, बागांच्या छाटण्या अशी कामं घेतो आणि त्यासाठी पोरं-पोरी तयार करतो. त्यातले बरेच जण गणिताला घाबरूनच माझ्याकडे आलेले. उत्तर माझ्या धंद्याकडे थोडं झुकेल, पण बाकीची कामंही मी जवळून पाहिली आहेत.

आकडे अजिबात नाहीत असं पोटापाण्याचं काम नसतं. पण आकडे दोन जातींचे असतात. एक हातातले: बोटांनी, दोरीनं, मापाच्या झाकणानं, नजरेनं धरायचे. दुसरे कागदावरचे: लिहायचे, बेरीज-वजाबाकी करायची आणि संध्याकाळी कुणापुढे तरी जुळवून द्यायचे. तुमच्यासारख्यांना त्रास होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचा. द्राक्षाच्या काडीवर सहा डोळे ठेवून कात्री मार म्हटलं तर हात चुकत नाही. सहा माणसांची साडेतीन दिवसांची हजेरी काढून त्यातून उचल वजा कर म्हटलं की घाम फुटतो. म्हणून काम बाहेरचं आहे का, एवढंच विचारून भागत नाही. दिवस मावळल्यावर हिशोब कुणी द्यायचा, हे आधी विचारा.

हे न विचारल्यामुळे फसगत कशी होते ते सांगतो. साखर कारखान्याचा चिटबॉय दिवसभर उसाच्या फडातून हिंडतो, मोटारसायकल असते, लोक मान देतात. बघणाऱ्याला वाटतं, मस्त मोकळं काम. प्रत्यक्षात लागणीची तारीख, क्षेत्र, उसाची जात, तोडणीचा क्रम, वाहनांच्या चिठ्ठ्या, सगळी नोंद त्याच्या गळ्यात असते. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर शेतकऱ्याचा ऊस पंधरा दिवस मागे पडतो आणि शिव्या चिटबॉयला. ग्रामीण डाक सेवकाचंही तसंच. सायकलवर गावोगाव टपाल, हे चित्र छान आहे. पण दहावीला गणित आणि इंग्रजी उत्तीर्ण असणं सक्तीचं, निवड दहावीच्या गुणांवर आणि कामात रोजची रोकड. शाखा डाकपालाला तर बचत खात्यांचे पैसे रोज जुळवावे लागतात. भूकरमापक उभा दिवस शेतात असतो, पण त्याचं कामच मोजणी. घरपोच सामान देण्याच्या कामात ॲप बेरीज करून देतं हे खरं, तरी रोख पैसे घेऊन रात्री भरणा करायचा असेल तर तुमचा नवी पेठेचा गल्ला पुन्हा पाठीला लागला समजा.

एकाच कालव्यावर दोन तऱ्हेची माणसं असतात, तेही बघण्यासारखं आहे. उजनीच्या कालव्यावरचा पाटकरी दारं उघडतो, बंद करतो, पाणी कुठं फुटलंय ते हिंडून पाहतो. मोजणीदार आणि कालवा निरीक्षक कुणी किती क्षेत्र भिजवलं ते मोजून कागदावर आणतात. पाणी एकच, ऊन एकच, काम वेगळं. पाटकऱ्याच्या जागा आता क्वचितच निघतात, त्यामुळे ती वाट मी सुचवत नाही. फरक कळावा म्हणून सांगितलं.

आता माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात बळकट वाट कोणती ते सांगतो: कलम आणि छाटणी. सोलापूर जिल्ह्यात हे काम जितकं आहे तितकं फार थोड्या ठिकाणी असेल. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून इथंच, केगावला आहे. नान्नजच्या शिवारात द्राक्ष आहे. सोनाका हे वाण तिथलंच. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचं एनएमके-१ गोल्डन सीताफळ दुसऱ्या राज्यांत गेलंय. बोर तर आपल्या कोरड्या रानाचं जुनं पीक. या प्रत्येक झाडाला कात्री चालवणारा आणि कलम बांधणारा हात लागतो, आणि चांगला हात मिळत नाही ही प्रत्येक बागायतदाराची तक्रार आहे.

डाळिंबाची गुटी घ्या. पावसाळा लागला की, जून ते ऑगस्ट, हे काम चालतं. पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडायची. त्यावर अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढायची, म्हणजे अंगठ्याच्या एका पेराएवढी. आतलं लाकूड दुखवायचं नाही. वरच्या कडेला मुळ्या फुटायला मदत करणारं संजीवक लावायचं, ओलं शेवाळ गुंडाळायचं, प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधायची. महिना-दीड महिन्यात पट्टीतून पांढऱ्या मुळ्या दिसतात. या सगळ्यात गणित कुठं आहे? फांदी ओळखणं आहे, सुरीचा दाब आहे, गाठीचा ताण आहे. पट्टी सैल राहिली तर शेवाळ वाळतं आणि गुटी जाते. हे ज्ञान बोटांत येतं, वहीत नाही. माझ्याकडे गुटी बांधणाऱ्या बायकांमध्ये शाळेचं तोंड न पाहिलेल्या आहेत, आणि त्यांची बांधलेली गुटी क्वचितच फुकट जाते.

पैसे मात्र नगावर असतात, आणि इथं आकडा डोकावतो. त्यावर आमचा उपाय साधा आहे. सकाळी प्रत्येकीला शंभर-शंभर पट्ट्यांचे गठ्ठे देतो. संध्याकाळी रिकामे गठ्ठे आणि उरलेल्या पट्ट्या समोर ठेवल्या की काम किती झालं ते दोघांनाही डोळ्यांनी दिसतं. मुकादम काही म्हणो, पट्ट्या खोटं बोलत नाहीत. तुम्ही कुठंही नगावर काम कराल तिथं अशीच एखादी खूण ठेवा.

छाटणी याहून वरची पायरी. डाळिंबात मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार, म्हणजे फुलं-फळं धरायचे हंगाम. कुणी जून-जुलैत धरतो, कुणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कुणी जानेवारी-फेब्रुवारीत. प्रत्येक बहाराआधी बागेला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, आणि छाटणी येते, त्यामुळे जिल्हाभर फिरणाऱ्या टोळीला वर्षातला बराच काळ काम असतं. द्राक्षात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, मधे विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं. फळछाटणीत काडीवरची गाठ बघून, डोळे बोटांनी मोजून काप घ्यायचा. हा हातातला आकडा झाला. डिपिंगचं जीए (हेच ते संजीवक) किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) करायचं हे गणित बागमालक किंवा सल्लागार करतो. १०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम, असं ते मांडून देतात. तुम्ही घड बुडवायचे.

डाळिंबाच्या छाटणीत एक गोष्ट मी पहिल्या दिवशी शिकवतो आणि तिच्यावरून माणूस पारखतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना सिकेटर (छाटणीची कात्री) निर्जंतुक करणाऱ्या द्रावणात बुडवायचा. तेल्या हा जिवाणूंचा रोग आहे, आणि तुमची कात्रीच तो बागभर वाहून नेते. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाची बाटली कमरेला हवी. दुपारी दमल्यावर ज्याचा हात बाटलीकडे आपोआप जातो त्याला दहा बागायतदार शोधत येतात. बागायतदाराचं वर्षाचं उत्पन्न त्या सवयीवर अवलंबून असतं, म्हणून तो तिचे पैसे देतो.

नवी लागवड करताना आखणीचं कामही याच टोळीकडे येतं आणि ऐकायला ते गणिताचं वाटतं. डाळिंबाला साडेचार बाय तीन मीटर अंतर सांगतात, म्हणजे साधारण १५ बाय १० फूट. प्रत्यक्षात एक लांब दोरी घ्यायची, दर दहा फुटांवर लाल चिंधी बांधायची, आणि ती ताणून चिंधीखाली चुन्याचा ठिपका मारायचा. कोपरा काटकोनात हवा तर दुसऱ्या दोरीत तीन हात, चार हात आणि पाच हात अशा गाठी मारून त्रिकोण ताणायचा. तीन आणि चार हातांच्या बाजू जिथं मिळतात तो कोन काटकोनच असतो. दोरी एकदा नीट बांधली की पुढं वर्षानुवर्षं ती तुमच्या वाटचं मोजते.

शिकायचं कुठं? केगावचं डाळिंब केंद्र आणि खेड व मोहोळची कृषी विज्ञान केंद्रं शेतकऱ्यांसाठी आणि तरुणांसाठी प्रशिक्षणं घेतात, तिथं चौकशी करा. पण खरं सांगायचं तर प्रशिक्षणाचा कागद दुय्यम. चांगल्या टोळीबरोबर एक पूर्ण बहार काढा. पहिल्या महिन्यात तुमच्याकडून फांद्या उचलून घेतील, कात्री देणार नाहीत. तेव्हा रागावू नका. कोणती फांदी पडली आणि कोणती राहिली ते बघत राहा.

दुसरी वाट तुमच्या शिक्षणाला धरून आहे: वनरक्षक. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो. तुमचा भूगोल इथं कामाला येतो, कला शाखेनं काही अडत नाही. २०२३ च्या भरतीत लेखी परीक्षा १२० गुणांची होती: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी, प्रत्येकी ३० गुण. म्हणजे आकडेमोड फार तर एका भागापुरती. बाकीचे तीन भाग घट्ट करा आणि बौद्धिक चाचणीतले आकृत्यांचे, दिशांचे, नात्यांचे प्रश्न आधी धरा. त्यांत गुणाकार-भागाकार लागत नाही. धावण्यात पुरुषांना ५ किलोमीटर ३० मिनिटांत आणि स्त्रियांना ३ किलोमीटर २५ मिनिटांत. शेवटी चार तासांची चाल: पुरुषांना २५ किलोमीटर, स्त्रियांना १६. उंची-छातीच्या अटी जाहिरातीत नीट वाचा. पोलीस शिपाई भरतीत मात्र मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची, आणि लेखीत अंकगणित हा स्वतंत्र विषय आहे. दोन्हींची तयारी एकत्र करणारी मुलं खूप आहेत, पण तुम्हाला वनरक्षकाचा रस्ता सोपा पडेल.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं. माळढोक आता तिथं दिसणं जवळपास थांबलंय, याचं दुःख आम्हा या भागातल्या लोकांना फार आहे. पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, खोकड आहे, धाविक आणि चंडोल हे पक्षी आहेत, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. गवताळ रानाची राखण ही डोंगरातल्या जंगलापेक्षा वेगळी नजर मागते. दूरवर एक ठिपका हलला तर तो कुत्रा की लांडगा, हे चालीवरून ओळखायचं. वनरक्षकाला आकडे कितपत लागतात? रोजची नोंद लिहावी लागते, रोपवनातली जगलेली रोपं मोजावी लागतात, पीक नुकसानीच्या पंचनाम्यात क्षेत्र येतं, बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर बसून प्राणी मोजायचे असतात. त्यातलं बरंचसं रेघा ओढून होतं, उरलेलं वनपालाबरोबर बसून होतं. जमण्यासारखं आहे.

याच संदर्भात एक सावधगिरीचा शब्द. सापांची आवड असलेले तरुण सर्पमित्र होऊन त्यावर पोट भरायचं स्वप्न बघतात. सेवा म्हणून ते मोठं काम आहे, पण तो रोजगार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली परवानगीशिवाय साप पकडणं, बाळगणं, खेळ दाखवणं गुन्हा ठरतो. आणि नागाच्या एका चाव्यानं घर बसतं. आवड असेल तर वनखात्याच्या माणसांबरोबर राहून शिका, कमाई दुसरीकडे करा.

जनावरांचं काम हे तिसरं. सांगोला, माळशिरस, करमाळा या भागात धनगरांची मेंढरं आणि घरोघरी उस्मानाबादी शेळी. मेंढपाळ संध्याकाळी वाघुरीच्या (जाळीच्या वाड्याच्या) तोंडाशी उभा राहून खांड (कळप) आत घेतो तेव्हा तो मोजत नाही, तोंडं बघतो. काळ्या कानाची आली नाही, हे त्याला मोजणाऱ्याच्या आधी कळतं. ही ओळख ज्याला आहे त्याच्यासाठी शेळी-मेंढीपालन आहे. शेळीचा गाभण काळ पाच महिन्यांचा, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक गोल केला की झालं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र सांगोला तालुक्यात महूदला आहे, तिथं जाऊन जनावरं ठेवतात कशी ते बघून या. जंतनाशकाचा डोस वजनावर असतो, तो पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावा. अंदाजानं पाजू नये. फक्त एक विसरू नका: दुसऱ्याची जनावरं सांभाळण्यात आकडे नाहीत, स्वतःचा कळप करून विकण्यात आहेत. बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, तिथं घरातलं हिशोबाला पक्कं माणूस बरोबर न्या.

मधमाश्या. डाळिंब, सूर्यफूल, कांद्याचं बी, सगळ्यांना परागीभवनाला त्या लागतात आणि बागायतदार फुलोऱ्यात पेट्या भाड्यानं आणतात. पेट्या रात्री हलवायच्या, सावलीत ठेवायच्या, उन्हाळ्यात फुलोरा आणि पाणी असेल तिथं न्यायच्या. राज्याचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात. शिकण्यासाठी तेवढ्यापुरतं बाहेर जावं लागेल. फवारणी आणि मधमाशी एकमेकींच्या वैरिणी आहेत, त्यामुळे बागायतदाराशी बोलून फवारणीची वेळ ठरवून घेणं हाच या धंद्याचा अर्धा भाग. बोलायची भीड असेल तर यात पडू नका.

उलट बोलायची हौस असेल तर वाटाड्याचं काम आहे. हत्तरसंग-कुडल घ्या. भीमा-सीनेचा संगम, शेकडो मुखांचं शिवलिंग, इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख. सोलापूरचा भुईकोट किल्ला आहे. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, तिथं मासेमारी करणारेच नाव चालवून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. सन-सनावळ्या लक्षात ठेवाव्या लागतात, पण लक्षात ठेवणं आणि आकडेमोड करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला गणित जमत नाही त्याला गोष्टी उत्तम लक्षात राहतात, हे मी पुष्कळ पाहिलंय. सोलापूरकरांची एक ठेव इथं उपयोगी पडते, ती म्हणजे भाषा. तुमच्या गल्लीत कन्नड किंवा तेलुगू बोलली जात असेल आणि तुम्हाला ती येत असेल, तर अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर करत फिरणारे कर्नाटक-तेलंगणातले यात्रेकरू तुमचेच. फक्त हे काम हंगामी आहे. एकट्या त्याच्यावर घर चालवायचा विचार आत्ता करू नका, छाटणीच्या जोडीला ठेवा.

ठिबक आणि सौर पंपाची जोडणी हीही आपल्या दुष्काळी जिल्ह्यातली चालती कामं आहेत. आराखडा कंपनीचा माणूस काढतो. चर, नळ्या, जोड, सांगाडा, पॅनेल चढवणं हे जोडणाऱ्याचं. विजेचं अंग असल्यानं आयटीआयचा तारतंत्री किंवा वीजतंत्री अभ्यासक्रम केलेला बरा, विजापूर रोडला शासकीय संस्था आहे. त्यात कार्यशाळेच्या गणिताचा विषय असतो, हे माहीत असू द्या. मैदान राखणं, खेळपट्टी करणं, शहरातल्या बंगल्यांच्या बागा सांभाळणं, हीसुद्धा हाताची आणि नजरेची कामं आहेत. जागा थोड्या, पण धरलेली माणसं टिकतात.

आता ज्या आकड्यांना पाठ दाखवायची नाही त्यांच्याबद्दल. हे मी कळवळून सांगतो, कारण गणिताला भिणारी कष्टाळू माणसं नाडली जाताना मी बघत आलोय. पहिला आकडा हजेरीचा. घरात कॅलेंडर लावा; कामाला गेलात त्या तारखेवर उभी रेघ, अर्धा दिवस असेल तर आडवी. दुसऱ्या कुणाच्या वहीवर विसंबू नका. दुसरा उचलीचा. उचल घेताना रक्कम मोबाइलवर ऑनलाइन घ्या, रोख घेतली तर त्याच जागी देणाऱ्याच्या आवाजात नोंद करून ठेवा: आज अमुक तारीख, एवढे दिले. ऊसतोडीत कुटुंबंच्या कुटुंबं उचलीच्या फेऱ्यात अडकतात, कारण किती घेतले आणि किती फिटले हे फक्त मुकादमाला माहीत असतं. आठवड्याला एकदा घरातल्या हिशोबी माणसाबरोबर, बहीण असो की आई, दहा मिनिटं बसा. वजाबाकी मोबाइल करेल. नोंद मात्र तुमची हवी.

तिसरा आकडा औषधाच्या मापाचा, आणि हा जिवाशी निगडित आहे. लेबलवर लिटरला २ मिली लिहिलेलं असतं, तुमच्या पाठीवर पंप १५ लिटरचा, म्हणजे पंपाला ३० मिली. हे दर वेळी डोक्यात करू नका. प्रत्येक औषधाच्या बाटलीला चिकटपट्टी लावून "पंपाला एवढं" हे जाणत्याकडून एकदाच लिहून घ्या आणि मापाच्या भांड्यावर न पुसणाऱ्या शाईनं रेघ मारा. एक टक्का बोर्डो तर पाठच होतो: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र. पंपाचा आकार बदलला की रेघही बदलते, एवढं ध्यानात ठेवा.

एक शक्यता तपासून बघा असं सुचवतो. लहानपणापासून घड्याळ वाचायला, सुटे पैसे मोजायला, दूरध्वनी क्रमांक उतरवायला अडचण येत असेल, अभ्यास करूनही, तर ती आळस किंवा मंदपणा नसून अध्ययन अक्षमता असू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. शासकीय रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं, तर काही परीक्षांत जादा वेळ आणि काही भरतींत आरक्षण लागू होतं. हे कुणी वेळेवर सांगत नाही, आणि मुलं स्वतःला ढ समजत मोठी होतात.

शरीराचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो. बागेतल्या टोळ्या उजाडायच्या आत लागतात आणि अकरा-साडेअकराला कात्री खाली ठेवतात. राहिलेलं उन्हं कलल्यावर. दुपारी एक वाजता काम करून घेणारा मालक असेल तर तो मालक बदला. डोक्याला ओलं उपरणं, मीठ-साखर-लिंबाचं पाणी, आणि चक्कर आली की लाज न बाळगता सावलीत. पहिले दोन आठवडे अंगाला ऊन सवयीचं होऊ द्या, दुकानातून थेट मे महिन्यात रानात उतरू नका.

वडिलांच्या शंकेचं उत्तर. मजूर आणि कारागीर यांच्या दिवसभराच्या घामात फरक नसतो. बोलावणं कसं येतं यात असतो. मजुराला "चार माणसं पाठवा" म्हणून बोलावतात, कारागिराला नावानं. पहिली दोन वर्षं तुम्ही मजुरीच कराल, ते वडिलांचं खरं आहे. कलम बसायला लागलं, छाटलेल्या बागेला बहार नीट लागला, की एकरी उक्तं किंवा झाडामागे दर तुम्ही सांगता. त्या टप्प्यावर टोळीचा हिशोब बघायला हिशोबाचा माणूस भागीदार घ्या, आणि कागद बघून, समजून मगच सही करा. माझ्या माहितीतल्या दोन उत्तम छाटणी टोळ्या अशाच चालतात: एक भाऊ कात्रीचा, एक वहीचा.

सुरुवात जूनमध्ये करा. पाऊस पडला की गुटीचं काम निघतं, ऊन उतरलेलं असतं आणि नवख्याला घ्यायला रोपवाटिकांची ना नसते. सकाळी गुटी शिका, संध्याकाळी वनरक्षकासाठी पळायला जा, दोन्ही एकत्र चालतात. लगेच सिकेटर विकत घेऊ नका. आधी टोळीतल्यांचे दोन-तीन हाताळून बघा, तुमच्या पंज्याला कोणता बसतो ते कळल्यावर घ्या. येताना पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, बंद बूट आणि डोळ्यांना चष्मा हवा, डाळिंबाचा काटा डोळ्याला फार वाईट. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन ठेवा.